नासच्या दोन डिस्क एकदम गेल्या? या चुका टाळा

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री देवगडात लाइट चार वेळा गेली आणि आली. सकाळी मावसभावाचा फोन आला. त्याच्या चार डिस्कच्या नासवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या खोक्यावर) दोन दिवे लाल होते आणि आत आठ वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी. फोटो काढणं हाच त्याचा धंदा. रेड ५ मध्ये (डेटा सगळ्या डिस्कवर वाटून ठेवायच्या मांडणीत) एक डिस्क गेली तर काम चालतं, दुसरी गेली की सगळं ठप्प. "दादा, स्क्रीनवर रिपेअर आलंय, दाबू?" मी म्हटलं, काही दाबू नकोस, आधी बंद कर.

डेटा जातो तो बहुतेकदा इथे. डिस्क बिघडल्यामुळे कमी, त्यानंतरच्या तासाभरात आपण जे दाबतो त्यामुळे जास्त.

दोन्ही डिस्क मेल्या असं धरून चालणं

एकाच रात्री दोन डिस्क खरोखर मरणं विरळा. म्हणून आधी त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा: अडॅप्टर, केबल, बोर्ड. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते. चार डिस्क मिळून थकलेल्या अडॅप्टरला खाली खेचतात आणि एखादी बाहेर फेकली जाते. आपल्याकडे त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. डिस्कच्या साटा जोडणीच्या पिना काळपट पडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे, आकडे वाचा. १९९ क्रमांकाचा आकडा (केबलवरच्या चुका) वाढलेला आणि ५, १९७, १९८ (खराब जागा) शून्य असतील तर संशय केबलवर आणि पिनांवर घ्या. १९७ किंवा १९८ वाढलेला असेल तर पृष्ठभागच बिघडतो आहे.

डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर मार्करने खणाचा क्रमांक लिहा. विंडोजला जोडलीत आणि 'इनिशियलाइज' करू का असं विचारलं, तर नाही म्हणा.

मूळ डिस्कवरच दुरुस्ती करणं

सगळ्यात महाग चूक हीच. रिबिल्डमध्ये, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा उभारताना, उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर (डेटाचा छोटा कप्पा) वाचावा लागतो. घरगुती डिस्कचे कारखानदार १०० लाख कोटी बिटांमागे, म्हणजे साधारण साडेबारा टेराबाइटमागे, एक न वाचता येणारी जागा गृहीत धरतात. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात. पण एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या चार डिस्क वयानेही सारख्याच असतात, आणि थकलेलीला तो ताण शेवटचा ठरतो.

म्हणून आधी प्रत. डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर) आधी सोपा भाग वाचून घेतं, अवघड जागांकडे नंतर वळतं आणि कुठवर आलं ते मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतं. मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. कोकणात याची किंमत वेगळी सांगायला नको. मॅपफाइल मात्र मूळ आणि प्रत सोडून वेगळ्याच डिस्कवर ठेवा. इथून पुढचा प्रत्येक प्रयोग प्रतींवर करायचा.

अनेक घरगुती नासच्या पोटात लिनक्सचं एमडीएडीएम, म्हणजे रेड सांभाळणारं सॉफ्टवेअर, असतं. त्यातला 'एक्झामिन' हा आदेश प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे ती कुठवर अद्ययावत आहे तो आकडा, दाखवतो. भावाच्या दोन नंबरच्या डिस्कचा काउंट बराच मागे होता. ती महिनाभर आधीच गळाली होती! खोका कपाटाआड, त्यामुळे लाल दिवा कुणाला दिसला नव्हता. अशी शिळी डिस्क जुळणीत घेतली तर जुन्या-नव्याची सरमिसळ होऊन फायली नासतात. चार नंबरची फक्त त्या रात्री सुटली होती, काउंट जवळजवळ बरोबरीचा. म्हणून १, ३ आणि ४ च्या प्रती 'असेंबल'ने 'फोर्स' लावून जुळवल्या आणि रीड-ओन्ली उघडल्या.

असेंबल जमलं नाही की लोक 'क्रिएट' मारतात. त्याने डिस्कवरची जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. डिस्कचा क्रम, चंक (तुकड्याचा आकार) किंवा ऑफसेट (डेटा सुरू होतो ती जागा) चुकला आणि सिंक सुरू झालं, तर चांगला डेटाही जातो. एफएसचेक किंवा चेकडिस्क ही फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी साधनंही मूळ डिस्कवर कधीच नको.

पाणी शिरलं असेल तर

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा पाण्यातून निघालेली डिस्क उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका आणि काहीही झालं तरी चालू करू नका. हेलियमच्या सीलबंद डिस्क सोडल्या तर डिस्कला श्वासाचं बारीक छिद्र असतं, त्यातून गाळ आत जातो. तो वाळून तबकडीला चिकटला की हेड तिला ओरबाडतं. ओलसरच हवाबंद पिशवीत घालून क्लीनरूम असलेल्या लॅबकडे पाठवा. टकटक आवाज करणाऱ्या डिस्कलाही घरचा उपाय नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आपल्या दमट हवेत बाहेर काढताक्षणी तिच्यावर पाणी धरतं.

भावाच्या तीन प्रती व्हायला तीन दिवस लागले. तीन नंबरवर काही सेक्टर वाचलेच गेले नाहीत, म्हणून एका हळदीचे थोडे फोटो अर्ध्यातून खाली करडे आले. बाकी सगळं मिळालं. खोका आता नव्या अडॅप्टरवर, यूपीएसला जोडून, येता-जाता दिवे दिसतील असा टेबलावर आहे. बिघाडाची सूचना त्याच्या मोबाइलवर येते आणि वेगळी एक प्रत पुण्याला बहिणीकडे असते.