नॉर्मन मॉट किल्ला पाहायला जाताय? या चुका टाळा

वेल्सच्या सीमेवर, माँटगोमेरी गावाजवळच्या हेन डोमेनला आपल्याकडचा गडप्रेमी पोचला की पहिला प्रश्न ठरलेला: "किल्ला कुठंय?" समोर झाडीने भरलेलं टेकाड, भोवती बुजत आलेला खंदक. किल्ला तोच. अकराव्या शतकात फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांचं हे मातीचं टेकाड म्हणजेच मॉट.

दगड शोधू नका. 1070 च्या दशकात रॉजर द माँटगोमेरी या नॉर्मन सरदाराने हा उभारला तो माती आणि लाकडाचा. शिवकाळातला मेढेकोट आठवा, म्हणजे अंदाज येईल. 1960 पासून तीनेक दशकं पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी इथे उत्खनन केलं. सापडलं ते बहुतेक खांबांच्या खड्ड्यांच्या आणि कुजलेल्या लाकडाच्या खुणांवरून. दोनेक शतकं हा किल्ला लाकडातच पुन्हा पुन्हा बांधला गेला. दगडी किल्ला 1223 मध्ये सुरू झाला, तोही जवळच्या दुसऱ्याच डोंगरावर.

आल्या आल्या टेकाडावर चढून फोटो काढणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. आधी पायथ्याशी फिरा. खंदक खणून निघालेली मातीच वर रचलेली असते, त्यामुळे दोन्ही एकत्रच पाहायला हवं. शेजारचं सपाट आवार म्हणजे बेली. माणसं, घोडी, स्वयंपाक, कोठारं सगळं तिथे. तिचा बांध कधीकधी गुडघाभरच उरलेला असतो आणि उन्हाळ्यातल्या गवतात तो दिसतच नाही. हिवाळ्यात दुपार कलताना जा, तिरप्या उन्हात त्याची सावली उठून दिसते.

दिसलं टेकाड की म्हणा नॉर्मन, हेही नको. इंग्लंडमधल्या मार्लबरोचा टेकाडवजा मॉट कित्येक वर्षं नॉर्मनच समजला जात होता. 2011 मध्ये आतल्या कोळशाचं वय काढलं, तर तो इसवी सनपूर्व 2400 च्या आसपासचा निघाला! नॉर्मनांनी आयती उंची वापरली, एवढंच. पवनचक्कीसाठी रचलेली टेकाडंही फसवतात. सपाट माथा, खंदक आणि बेली तिन्ही जुळतात का ते बघा.

बरीच टेकाडं खासगी शेतात आहेत, तेव्हा नकाशातली पायवाट सोडू नका आणि उतारावरून सरळ चढू नका, माती घसरते. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं ब्रिटनच्या 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे.

निघण्याआधी लायडरचं, म्हणजे विमानातून लेसरने जमिनीचे चढउतार मोजून काढलेलं चित्र जरूर पाहा. इंग्लंडचा बराचसा डेटा मोफत मिळतो आणि झाडीखाली लपलेला बेलीचा बांधही त्यात सापडतो.