घोडं गाडीत चढत नसेल तर आधी दोर ढिला सोडा

यात्रेला नाहीतर शर्यतीला निघायचं, पहाटेच गाडी दारात येऊन लागलेली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि घोडी फाळक्यासमोर (गाडीच्या मागच्या झडपेसमोर) चारी पाय रोवून उभी. निपाणी, चिकोडी, रायबाग, खानापूर, कुठंही जा, हे असंच. मग पाच-सहा जण जमतात, दोघं दोर ओढतात, एकजण मागनं काठी घालतो, कुणीतरी शेपूट पिरगाळतं, आणि कधीकधी घोडी चढतेसुद्धा. पण पुढच्या वेळी तीच घोडी गाडी लांबून बघूनच घामाघूम होते, कारण गाडी म्हणजे मार हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

घोडं हट्ट करत नाही ओ, ते भ्यालेलं असतं. त्याचे डोळे दोन बाजूंना, म्हणून त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, आणि उन्हातनं अंधारात गेलं की त्याची नजर सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आता विचार करा, ताडपत्री टाकलेला काळोखा हौदा, पाय टाकला की ढणढण वाजणारा पत्रा, वर डोकं आपटेल अशी कमान. पळून जीव वाचवणारं जनावर आहे ते, अशा जागेत आपणहून कशाला शिरेल? आणि तीन-चारशे किलोचं जनावर तुम्ही ओढून नेणार नाही, म्होरकीवर (तोंडावरच्या दोराच्या मुसकीवर) ताण आला की ते उलट मागंच रेटतं.

म्हणून हे काम जायच्या दिवशी करायचंच नाही, निदान आठ-दहा दिवस आधी सुरू करा. पहिले दोन-तीन दिवस गाडी नकोच. नीट बसणारी म्होरकी आणि दहा-बारा फुटांचा जाड सुती दोर घ्या (लगाम लावून ओढायचं नाही, तोंड फाटतं), आणि अंगणात एवढंच शिकवा की दोर हलका ताणला की एक पाऊल पुढं, छातीवर बोट टेकलं की एक पाऊल मागं. खरी मेख इथंच आहे: त्यानं पाऊल टाकलं, नुसतं अंग पुढं झुकवलं तरी, त्याच क्षणाला दोर ढिला. उशीर केलात तर कशाबद्दल सोडलं हे त्याला कळत नाही. ढिलाई हेच बक्षीस, चंदी (दाणा) त्याच्यानंतर. मग जमिनीवर जुनी ताडपत्री, प्लायवूडची फळी टाकून त्यावरनं चालवा, पायाखाली आवाज आला तरी काही होत नाही हे कळू दे. अथणी-गोकाककडनं आणलेलं घोडं असेल तर त्याच्याशी आधीचा मालक काय बोलायचा तेही विचारून घ्या, "बा बा" आणि "नडी" वर, म्हणजे कन्नडवर, वाढलेलं जनावर आपल्या "चल चल"ला कान देत नाही.

आता गाडी. आपल्याकडं रॅम्पवाला घोड्याचा ट्रेलर क्वचित, बहुतेक पिकअप नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली. गाडी सपाट जागेला, इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाला दगड. ट्रेलर दोन चाकांचा असेल तर गाडीला जोडल्याशिवाय घोडं कधी चढवू नका, मागं वजन पडलं की पुढचा दांडा उचलतो आणि सगळं उलटतं. उंच फाळक्यावर उडी मारायला लावू नका, शेताचा बांध किंवा मातीचा ओटा बघून गाडी मागं लावा म्हणजे हौदा आणि जमीन एका लेव्हलला येते, मधली फट मात्र फळीनं झाका, पाय अडकला तर मोडतोच. एका बाजूला भिंत असली तर आणखी बरं, घोडं आडवं फिरत नाही. आत रबरी मॅट, वर पिंजर नाहीतर उसाचं पाचट पसरा. ताडपत्री गुंडाळून वर करा, आत उजेड दिसायला पायजे. खानापूरकडं पावसाळ्यात फळी लई निसरडी होते, तिच्यावर गोणपाट ठोका.

मग घोडं आणा आणि काहीच करू नका. वास घेऊ दे, फुरफुरू दे. तुम्ही डाव्या खांद्याजवळ, समोर कधीच नाही, कारण चढताना ते एकदम उडी मारून येतं आणि पुढं माणूस असला की चिरडला. दोर हातात घडी करून धरा, मनगटाला वेढा घालू नका. मी घातला होता एकदा, घोडी मागं झटकली आणि करंगळी मोडली, आज बारा वर्षं झाली तरी ती सरळ होत नाही. ठीक मागं उभं राहणाऱ्यांना तर तिथनं हाकलाच, दुगाणी छातीत बसते.

पुढचे दोन पाय आत टाकले की लगेच खूश होऊन दार लावायचं नाही. शाबासकी द्या आणि तुम्हीच परत मागं घ्या. पुन्हा दोन पाय, पुन्हा मागं. मग चार पाय, पुन्हा बाहेर. बाहेर यायची वाट आहे हे कळलं की आत जायची भीती निम्मी होते. मधेच मागं पळालं तर ओढाताण नको, दोर तेवढाच हलका ठेवून त्याच्याबरोबर मागं जा, थांबलं की ढिला, परत सुरुवात. दोन पायांवर उभं राहिलं तर दोर सोडत बाजूला व्हा. कान मागं पडलेत, डोळ्याचा पांढरा दिसतोय, शेपूट आवळलीय म्हणजे आज एवढंच, एखादं सोपं पाऊल करवून घेऊन थांबा. ओठ चाटायला लागलं, मान खाली आली की समजायचं ते निवळतंय. शांत, सवयीचं घोडं आधी चढवलं तर दुसरं बऱ्याचदा मागनं जातं.

आत गेल्यावर क्रम चुकवू नका: आधी मागचा बांबू, मग बांधणं. उतरवताना उलटं, आधी दावं सोडायचं, मगच मागचं उघडायचं. बांधलेलं असताना मागं मोकळं दिसलं की ते जोरात मागं येतं, दावं ताणलं की घाबरून पडतं, मानेलाच लागतं. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी, आणि दावं इतकं आखूड नको की मान खाली करता येणार नाही, लांबच्या प्रवासात मान वर अडकून राहिली की धूळ-कफ बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसाला त्रास होतो.

ड्रायव्हरला आधीच सांगा. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम आहेत, त्यात घोड्यासाठी गाडीचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर नको, दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटीमीटर जाडीचा बांबू, गाडीबरोबर एक देखरेखीचा माणूस, आणि तोंड डावीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकांपासून लांब, असं सगळं लिहिलेलं आहे. प्रवासाला फिट असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागतं, कोगनोळीच्या पलीकडं, म्हणजे महाराष्ट्रात, जायचं असेल तर ते घरी विसरून चालणार नाही. तवंदी घाटात वळणावर ब्रेक मारला की आत घोडं कसं आदळतं हे बघायचं असेल तर ड्रायव्हरला एकदा रिकाम्या हौद्यात उभं करून बांधाच्या रस्त्यावरनं हळू फिरवा, लगेच समजतं. निघायच्या आधी पोटभर चंदी नको, पोटशूळ होतो, गवत चालेल.

झोपेचं इंजेक्शन देऊन चढवू का असं विचारणारे भेटतात, डॉक्टर समोर असल्याशिवाय अजिबात नको, गुंगीतलं घोडं चालत्या गाडीत तोल सांभाळू शकत नाही.

पोचल्यावर उतरवून दहा मिनिटं हळू फिरवा, पाणी दाखवा, पाय चाचपून बघा. आणि घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कुठंही जायचं नसताना, एकदा चढवा, आतच मूठभर भिजवलेले हरभरे द्या, उतरवा आणि खरारा करून सोडा.