माथारेत सेवेला जाण्याआधी

नाशिकच्या आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलंमुली हल्ली बरेचदा घरी येतात. "ताई, आम्हालाही मिशन टीमबरोबर आफ्रिकेत जायचंय. काय शिकून जाऊ? काय घेऊन जाऊ?" मी परिचारिका. केनियाची राजधानी नैरोबी, तिथल्या माथारे वस्तीत, एका स्थानिक मंडळीनं चालवलेल्या छोट्या दवाखान्यात मी दोन वर्षं होते, २०२२ ते २०२४. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कागदपत्रं, कारण इथंच बरेच जण अडकतात. पर्यटक म्हणून मिळणाऱ्या ऑनलाइन परवानगीवर सेवेचं काम करता येत नाही. केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी 'क्लास आय' नावाचा वेगळा परवाना असतो. तो तुम्हाला बोलावणाऱ्या तिथल्या संस्थेमार्फत काढतात. वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका. पिवळ्या तापाची लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि तिचं प्रमाणपत्र पासपोर्टबरोबरच ठेवा. केनियाहून परतताना भारतात ते दाखवावं लागतं. सामान प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये बांधू नका, २०१७ पासून तिथं त्यांच्यावर कडक बंदी आहे. आणि स्वेटर न्या. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे, जुलैत चांगलीच थंडी पडते.

माथारेची वस्ती जुजा रोड आणि थिका रोड यांच्यामधल्या खोलगट भागात, नदीच्या काठानं पसरलेली आहे. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, साधारण दहा बाय दहाची खोली, आणि तिचंही दर महिन्याला भाडं. पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये विकत घ्यायचं. गरिबाला पाणी महाग पडतं हे मी नाशिकमध्येही ऐकलं होतं. तिथं मात्र एक बाई त्याच कॅनमधल्या पाण्यात भाजी धुऊन, मग तेच पाणी कपड्यांना वापरून, उरलेलं दारात शिंपडताना रोज बघत होते.

भाषेची भीती बाळगू नका. स्वाहिलीतले कितीतरी शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात: चाय, चपाती, पेसा, दुका, हेसाबू, साबुनी. आईला 'मामा' म्हणतात, हे अंगवळणी पडायला मराठी माणसाला दोन दिवस लागतात. बाईला पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत मात्र आपल्या गावाकडच्यासारखीच, अमक्याची आई. वेळेचं नीट शिकून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा तातू' म्हणजे तिसरा तास, म्हणजे आपले सकाळचे नऊ. पहिल्या आठवड्यात एका आजींना मी 'सा तातू'ला यायला सांगितलं, माझ्या मनात दुपारचे तीन होते. त्या नऊ वाजता येऊन सहा तास बाकावर बसून राहिल्या. त्या एका शब्दानंही रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

आणि कुणाच्याही दारात उभं राहून 'होडी' म्हणायचं. आतून 'करिबू' असं उत्तर येईपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. दाराला नुसता पडदा असला तरी नाही. रात्रपाळी करून माणसं दिवसा झोपलेली असतात, कुणी आंघोळ करत असतं. एकच खोली आहे म्हणून तिला उंबरठा नाही असं समजू नका.

आता कामाचं. आपण शिकवायला चाललोय असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटत होतं. तिथं सरकारनं नेमलेल्या कम्युनिटी हेल्थ प्रमोटर असतात, आपल्या आशाताईंसारख्या. आमच्या गल्लीतल्या ताईंबरोबर मी क्षयरोगाच्या रुग्णांकडे जायची. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, सहा महिन्यांचा कोर्स असतो. एक विशीतला मुलगा दुसऱ्या महिन्यात गोळ्या चुकवू लागला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं: कोर्स अर्धवट सोडला तर काय होतं, जंतू औषधाला कसे दाद देईनासे होतात. तो मान डोलावत राहिला. ताईंनी एकच विचारलं, "काल रात्री काय खाल्लंस?" तो गप्प झाला. मग म्हणाला, गोळ्यांनी बरं वाटायला लागल्यापासून भूक फार लागते, आणि उगालीला, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीला, पीठ नसतं. गोळी घेतली नाही तर भूक कमी लागते.

माझं नर्सिंगचं सगळं शिक्षण त्या प्रश्नापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणून सांगते, पहिले तीन महिने अशा एखाद्या ताईंच्या मागे चाला, त्यांची पिशवी उचला, बोलायचं काम त्यांच्यावर सोडा.

पैशाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथं माझी मोठी चूक झाली. भाडं थकलं म्हणून घरमालकानं एका बाईच्या खोलीचं दारच काढून नेलं. तिची दोन लहान मुलं रात्रभर उघड्यावर. मी माझ्या खिशातून भाडं भरलं. त्या रात्री समाधानानं झोपले. पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या दारात भाड्यासाठी बायकांची रांग लागली. पण खरं नुकसान ते नव्हतं. तिथं बायकांची 'चामा' असते, हुबेहूब आपली भिशी. दर आठवड्याला पैसे जमतात, वहीत नोंद होते, उशीर केला तर दंड. त्या बाईच्या चामानं तिच्यासाठी वर्गणी आधीच काढायला घेतली होती. माझे पैसे आले आणि त्यांनी हात आखडता घेतला: हिला आता मुहिंदी बाई आहे, आपली काय गरज? मुहिंदी म्हणजे हिंदुस्थानी. मी दोन वर्षांनी परतणार होते, चामा तिला आयुष्यभर लागणार होती. पाळकसाहेबांनी मला बोलावून शांतपणे हे समजावलं. त्यानंतर मी एक शिलिंगही मंडळीच्या मदत समितीला विचारल्याशिवाय दिला नाही. तुम्हीही देऊ नका. हात अवघडेल, पण देऊ नका.

सुवार्तेबद्दल, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याबद्दल, मुलं दबकत विचारतात. माझा विश्वास आहे आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही. सकाळी दवाखाना उघडण्याआधी आम्ही प्रार्थना करायचो. पण औषध आणि प्रार्थना एकमेकांना बांधायची नाहीत. माथारेला लागूनच ईस्टली आहे, तिथल्या सोमाली मुसलमान बायाही आमच्याकडे यायच्या. आधी औषध, आणि प्रार्थना फक्त माणूस म्हणाला तर. आजारी माणसाला 'नको' म्हणता यायला हवं.

नाशिकच्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन, त्यांचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनविधीलाही. शरणपूरची बरीच माणसं पुढे मोंबासाजवळ रबाई आणि फ्रियरटाउन इथं जाऊन राहिली, तिथल्या मंडळ्या उभ्या करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे नाशिकहून केनियाला गेलेले पहिले ख्रिस्ती सेवक आफ्रिकीच होते. आपण त्यांच्या वाटेनं जातोय, हे लक्षात ठेवून विमानात बसा.

२०२४ च्या एप्रिलमध्ये माथारे नदीला पूर आला. रात्रीत काठच्या खोल्या वाहून गेल्या, माणसं गेली. पुढे सरकारनं नदीकाठापासून तीस मीटरच्या आतली घरं पाडली, त्यामुळे वाचलेल्यांचाही आसरा गेला. चर्चमध्ये बाकं भिंतीला लावून लोक झोपले. आमच्या कपाटात पाणी शिरून क्षयरुग्णांचं रजिस्टर लगदा झालं होतं. ताई चिखलानं भरलेल्या पायांनी आल्या, उलट्या बादलीवर बसल्या आणि आठवणीतून नावं सांगू लागल्या: कोण कुठल्या गल्लीत, कुणाचा कितवा महिना, कुणाच्या घरात गोळ्या राहिल्या असतील, कुणाच्या वाहून गेल्या असतील. नऊ जण. मी शाळेच्या एका कोऱ्या वहीत लिहून घेत होते. संध्याकाळपर्यंत सात सापडले. उरलेले दोघं गावी निघून गेले होते, त्यांचे फोन नंबर चामाच्या बायकांकडे निघाले, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या एम-पेसावर पैसे येत-जात असत म्हणून. त्यातला एक तो गोळ्या चुकवणारा मुलगा. दोन दिवसांनी तो मातातूनं, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसनं, परत आला, सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, आणि जूनमध्ये त्याचा कोर्स पूर्ण झाला. मी तेव्हा सामान बांधत होते. ती वही ताईंकडे आहे.