खुडूक कोंबडी आणि इअरबड्स: पॉप सररिअल चित्र असं रंगवा

बाजारावर टीका करायची म्हटलं की क्लासमधली निम्मी पोरं मोबाइलच्या साखळदंडात जखडलेला माणूस काढतात. ते झालं पोस्टर. पॉप सररिअल चित्राने, म्हणजे कार्टून-जाहिरातीच्या गोड रूपात स्वप्नासारखं विचित्र काही दाखवणाऱ्या चित्राने, आधी भुरळ घालायला हवी, जाहिरातीइतकीच. पोटात ढवळायचं ते नंतर.

ही लॉस एंजेलिसची शैली. अंडरग्राउंड (मोठ्या प्रकाशकांबाहेरच्या, बंडखोर) कॉमिक्स आणि हॉट रॉड (इंजिन बदलून वेगवान केलेल्या जुन्या) गाड्यांच्या दुनियेतून आलेली. चित्रकार रॉबर्ट विल्यम्स आणि मंडळींनी १९९४ मध्ये 'जक्स्टापोझ' मासिक काढलं, तिथून ती पसरली. मार्क रायडनची चित्रं झूम करून बघा. बाहुलीसारख्या गोड मुली, शेजारी कच्चं मांस, आणि दोन्ही सारख्याच निगुतीने रंगवलेलं.

विषय एकच घ्या. माझा सध्याचा: खुराड्यात खुडूक बसलेली कोंबडी, पोटाखाली इअरबड्सच्या पांढऱ्या डब्या. कोंबडी दुःखी नको, अगदी तृप्त हवी. लोगोही नको, नाहीतर टीका एका कंपनीपुरतीच उरते. (चित्रकार रॉन इंग्लिशने मॅकडोनाल्ड्सचा बर्गरवाला विदूषक ढेरपोट्या केला, पण तो गडी रस्त्यावरचे जाहिरात फलकच परवानगीशिवाय बदलत होता. त्याला शोभतं.)

कॅनव्हासवर गेसोचे (पांढऱ्या अस्तर-रंगाचे) तीन हात द्या, प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर मारा. ब्रशचे फटकारे दिसता कामा नयेत. मग अॅक्रिलिकच्या बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्यात छाया-प्रकाश पूर्ण करून घ्या. तो नीट वाळल्यावरच तैलरंग, जवसाच्या तेलात पातळ करून, थरावर थर. तैलरंगावर अॅक्रिलिक कधीही नाही, सुटून येतं.

खरा वेळ डबीला द्या. ट्यूबमधला पांढरा थेट लावलात तर खडू दिसेल. सावलीच्या बाजूला निळसर राखाडी, खाली पेंढ्याचा पिवळा, वर पिसांचा तांबूस पडसाद. शुद्ध पांढरा फक्त चकाकीच्या रेघेला: तिची एक कड धारदार, दुसरी बोटाने हलकेच पुसलेली. चार्जिंगचा हिरवा ठिपका सगळ्यात शेवटी, आणि तोच कोंबडीच्या डोळ्यातही, टाचणीच्या टोकाएवढा.

नाव 'गॅजेटचे गुलाम' वगैरे ठेवू नका, सगळी मेहनत पाण्यात जाईल. फ्रेम मात्र जाड, सोनेरी, वेलबुट्टीची घ्या. पाहुण्यांसमोर दिवाणखान्यात मिरवावी अशी.