रेडिओ बिघडलेला नसतो: शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांनी या चुका टाळा

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही सांगितलेला रेडिओ परत पाठवतोय. एफएम मस्त लागतं, शॉर्टवेव्हवर मात्र नुसती खरखर." किती वाजता लावला होतास? दुपारी दीड वाजता. कुठे? बेडरूममध्ये, उशाशी, चार्जिंगला लावून. कितव्या मीटरवर? (लांबच्या देशांची स्टेशनं आणणाऱ्या शॉर्टवेव्हचे पट्टे लहरींच्या लांबीवरून, मीटरमध्ये ओळखतात.) एकोणपन्नास. त्याला म्हटलं, आज परत पाठवू नकोस. संध्याकाळी साडेसातला चार्जर काढून ठेव, रेडिओ घेऊन गॅलरीत जा, एरियल पूर्ण उघड आणि ३१ मीटरवर सावकाश फिरव. आठ वाजायच्या आत पुन्हा फोन. या वेळी तो काही बोललाच नाही, फोन रेडिओजवळ धरला होता. कुठल्याशा परदेशी स्टेशनवरचं हिंदी निवेदन मला पुण्यात बसून स्वच्छ ऐकू येत होतं.

"रेडिओ खराब आहे" म्हणून माझ्याकडे जी तक्रार येते, तिच्यात बहुतेकदा रेडिओचा दोष नसतो. वेळ चुकलेली असते किंवा जागा चुकलेली असते. पहिल्या दोन दिवसांत काही लागलं नाही की माणूस रेडिओ कपाटात टाकतो, आणि मग तो बाहेर निघतच नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुपारी रात्रीचे मीटर फिरवणं

शॉर्टवेव्हचं स्टेशन वरच्या आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरांवर, आपटून आपल्यापर्यंत येतं. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर त्याचा एक खालचा थर असतो, तो उन्हात तयार होतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरापर्यंत पोचून परत फिरतात. म्हणून भर दुपारी ४९ मीटरवर काही लागत नाही, त्यात रेडिओचा काही दोष नाही.

ढोबळ हिशेब असा ठेवा: दिवसा १३, १६ आणि १९ मीटर, संध्याकाळी २५, ३१ आणि ४१, रात्री उशिरा आणि पहाटे ४१ आणि ४९. मीटर आणि मेगाहर्ट्झ यांचा गोंधळ होत असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. ९.६ मेगाहर्ट्झ म्हणजे ३१ मीटर, ६ मेगाहर्ट्झ म्हणजे ५० च्या आसपास. सूर्यास्ताच्या आगेमागे तासभर सगळ्यांत जास्त गंमत असते, तेव्हा दोन्हीकडचे मीटर थोडे थोडे जिवंत असतात.

आवाज जवळ येतो, मग लांब जातो, पुन्हा येतो. हेही बिघाड समजून लोक सेल बदलत बसतात. ते आकाशातलं हलणं आहे, ते तसंच राहणार.

घरातली खरखर

सगळ्यांत जास्त रेडिओ या एका गोष्टीमुळे नावडते होतात. चाळीस वर्षांपूर्वी घरात पिवळे दिवे, पंखा आणि एखादी इस्त्री होती. आज प्रत्येक खोलीत एलईडी बल्ब, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, वायफाय. यातल्या बऱ्याच वस्तूंच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते, आणि त्या चालू-बंदचा कचरा थेट शॉर्टवेव्हवर येऊन पडतो. वर आपल्या इमारतींच्या भिंती-स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या. म्हणजे बाहेरचा सिग्नल आत येत नाही आणि आतला कचरा रेडिओच्या उशाशी.

शोध कसा घ्यायचा ते सांगतो, कारण हे एकदा केलं की पुढची कित्येक वर्षं सोपी जातात. रेडिओ सेलवर लावा, चार्जर भिंतीतून काढा. एखाद्या रिकाम्या जागी, जिथे स्टेशन नाही तिथे, काटा ठेवा आणि खरखर किती आहे ते कानात साठवा. मग घरातला मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली बसली तर चोर घरात आहे. आता मेन चालू करून एकेक वस्तू बंद करत जा. खरखर तशीच राहिली तर चोर शेजारी किंवा जिन्यातल्या दिव्यात आहे. तेव्हा जागा बदला.

माझ्या घरी चोर देवघरात निघाला. मूर्तींमागे लावलेली एलईडीची माळ. माळ बिचारी साधी, पण तिच्या प्लगमधला काड्यापेटीएवढा अडॅप्टर ४१ मीटरभर दर थोड्या अंतरावर गुरगुरायचा. रेडिओ हातात धरून मी त्या प्लगजवळ गेलो तसा आवाज चढत गेला, लांब गेलो तसा उतरला. माळ काढली आणि तिथे समई लावली. त्या संध्याकाळी ४१ मीटरवर पहिल्यांदा शांतता ऐकली.

एक वेगळा आवाजही ओळखून ठेवा. घरातलं सगळं बंद केलं तरी एखाद्याच जागी सलग, एकसारखा जाड फुसकारा येतो, चार पावलं पुढे-मागे काटा नेला की थांबतो. ते बहुधा डीआरएम, म्हणजे डिजिटल प्रसारण असतं. आकाशवाणीने मीडियम वेव्हवरच्या अनेक ट्रान्समीटरना ही सोय बसवली आहे. साध्या रेडिओला ते कळत नाही, त्याला फक्त फुसकारा ऐकू येतो.

एरियलच्या चुका

मीडियम वेव्ह ऐकताना लोक वरची दांडी ओढून उभी करतात, ती वेड्यावाकड्या कोनात फिरवतात आणि काही फरक पडत नाही म्हणून वैतागतात. फरक पडणारच नाही. पोर्टेबल रेडिओत मीडियम वेव्हचं एरियल आत आडवं बसवलेलं असतं, फेराइटची काळी कांडी. म्हणून दांडी मिटा आणि अख्खा रेडिओ गोल फिरवा. एका दिशेला स्टेशन भरून येईल, त्याच्या काटकोनात जवळजवळ नाहीसं होईल. नको असलेली खरखरही अशीच दाबता येते.

शॉर्टवेव्हला मात्र दांडी पूर्ण उघडी हवी. पाच-सहा मीटरची साधी, प्लास्टिकच्या आवरणाची तार क्रोकोडाइल क्लिपने दांडीला लावून खिडकीबाहेर किंवा गॅलरीच्या कठड्याला सोडली की फरक लगेच कळतो. इथे दुसरी चूक होते. पाच मीटरने एवढं झालं तर तीस मीटरने किती होईल, असा विचार करून माणूस गच्चीभर तार ओढतो, आणि लहान रेडिओ त्या माऱ्याने गुदमरतो. मोठी स्टेशनं नको तिथे डोकावतात, सगळा बँड भरल्यासारखा वाटतो. रेडिओवर डीएक्स-लोकल (लांबचं-जवळचं) असा खटका असेल तर लोकलवर टाका, नसेल तर तार लहान करा.

तार कधीही विजेच्या तारांच्या जवळून नेऊ नका. आणि वळवाचे ढग जमायला लागले की क्लिप काढा. वीज प्रत्यक्ष पडावी लागत नाही. लांबच्या कडकडाटानेही तारेत साठलेला दाब रेडिओच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरला मारून जातो. असा रेडिओ नंतर एफएम लावतो, शॉर्टवेव्हवर मात्र बहिरा होतो. मी एक रेडिओ असाच घालवला, मे महिन्याच्या एका दुपारी, पाच मिनिटांसाठी तार लावून ठेवून.

विकत घेताना

खोक्यावर "१० बँड", "१२ बँड" लिहिलेलं असतं आणि ते वाचून रेडिओ घेतला जातो. बँड किती याने काही ठरत नाही. शॉर्टवेव्हचा पट्टा किती तुकड्यांत पाडलाय एवढंच त्यातून कळतं.

उलट एकच "एसडब्ल्यू" असलेला, ३.२ ते २२ मेगाहर्ट्झ एकाच सात सेंटिमीटरच्या पट्टीवर कोंबलेला रेडिओही टाळा. हिशेब करा: जवळपास १९ मेगाहर्ट्झ ७० मिलिमीटरवर, म्हणजे एका मिलिमीटरवर सुमारे २७० किलोहर्ट्झ. शॉर्टवेव्हवर स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झवर असतात. म्हणजे काट्याच्या एका मिलिमीटरखाली पन्नासहून जास्त स्टेशनांच्या जागा. बोट जरा थरथरलं की स्टेशन गेलं. रोज ऐकायचं असेल तर आकड्यांची पट्टी, म्हणजे डिजिटल ट्यूनिंग, आणि आकडे थेट दाबायची सोय असलेला रेडिओ घ्या.

स्वस्त ॲनालॉग रेडिओवर एकच स्टेशन दोन ठिकाणी लागतं, त्याने गडबडू नका. ११९०० किलोहर्ट्झचं जोरकस स्टेशन १०९९० वरही दिसेल, बरोबर ९१० खाली. रेडिओ प्रत्येक स्टेशन आधी आत ४५५ किलोहर्ट्झवर आणतो, त्या आकड्याच्या दुपटीचा हा खेळ आहे. दुहेरी कन्व्हर्जन असलेल्या, म्हणजे हा बदल दोन टप्प्यांत करणाऱ्या, रेडिओत हे भूत फार कमी दिसतं.

सेल कोणते लागतात ते घेण्याआधी बघा, नंतर नाही. टेकसनच्या पीएल-३३० ला बीएल-५सी नावाची चपटी बॅटरी लागते, पीएल-६६० ला चार पेन्सिल सेल, एक्सएचडेटाच्या डी-८०८ ला १८६५० जातीची जाड बॅटरी. गावी ऐकायचं असेल, वीज जाते-येते असेल, तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणारे पेन्सिल सेल लागणारा रेडिओ मला जास्त भरवशाचा वाटतो. कोकणात तर सेल आत ठेवून रेडिओ महिनोन्महिने पडू देऊ नका. दमट हवेत पट्ट्यांवर हिरवट बुरा चढतो आणि सेल पाझरला तर खालची सर्किटची पाटीच खाऊन टाकतो.

परदेशातून आणलेल्या रेडिओची एक खोड जवळजवळ प्रत्येकाला लागते. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या पावलाने असतात, आपल्याकडे ९ च्या. पुण्याचं ७९२, नागपूरचं ५८५, रत्नागिरीचं ११४३ पाहा, सगळे आकडे ९ ने भागले जातात. रेडिओ १० च्या पावलावर असेल तर तो ७९० वरून ८०० वर उडी मारतो. पुणे कधी नीट बसत नाही, घोगरं आणि फाटकं ऐकू येतं. नागपूर तर ५८० आणि ५९० च्या बरोबर मधे अडकतं. हे पाऊल बदलायची कळ बहुतेक डिजिटल रेडिओंत असते, माहितीपुस्तिकेत ती शोधा.

एसएसबीची (सिंगल साइडबँड, म्हणजे आवाज पाठवायची वेगळी पद्धत) सोय हवीच का? हौशी हॅम मंडळींच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांच्या, गप्पा ऐकायच्या असतील तर हवी, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास त्या रोज रात्री चालतात. नुसते कार्यक्रम ऐकायचे तर तिच्यासाठी जास्त पैसे घालू नका. आणि चुकून ती कळ दाबली गेली की नेहमीच्या स्टेशनावर शिट्टी वाजते, हे लक्षात असू द्या.

जुन्या अपेक्षा, जुनं वेळापत्रक

१९५२ नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आटली आणि घरोघरचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. विविध भारती सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. त्या काळाच्या आठवणी आई-वडिलांकडून ऐकलेला माणूस आज तशीच गच्च भरलेली शॉर्टवेव्ह शोधतो आणि निराश होतो. स्टेशनं कमी झाली आहेत. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. तरी संध्याकाळी चीन, जपान, व्हॅटिकन, बीबीसीची इंग्रजी सेवा असं बरंच काही सापडतं, आणि ज्याला ते ऐकायची सवय लागते त्याला बाकी आवाज फिके वाटतात.

नेटवर मिळालेलं स्टेशनांचं वेळापत्रक वापरताना दोन गोष्टी बघा. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. १४३० म्हणजे आपले रात्रीचे आठ. २००० म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटेचा दीड, वारही पुढचा. आणि फ्रिक्वेन्सी वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. "कालपर्यंत लागत होतं, आज गायब" ही तक्रार त्या आठवड्यात हमखास येते.

रेडिओ बरोबर आहे की नाही हे पाहायचं असेल तर संध्याकाळी ५ किंवा १० मेगाहर्ट्झवर जा. तिथे चीनच्या बीपीएम या प्रमाणवेळ केंद्राची सेकंदासेकंदाची टिकटिक असते. एरियलची जागा बदलून टिकटिक किती स्वच्छ होते ते बघत गेलात की घरातली चांगली जागा दहा मिनिटांत सापडते.

आवाजच येत नसेल तर

दुकान गाठण्याआधी लॉकची कळ बघा. पिशवीत दाबली जाऊ नयेत म्हणून कळा बंद करणारा तो खटका असतो, तो चालू असेल तर रेडिओ मेल्यासारखा वागतो. मग इअरफोन जोडायचं भोक. तिथली आतली पट्टी धुळीने किंवा वाकून अडकली की रेडिओला वाटतं इअरफोन लावलेलाच आहे, आणि स्पीकर गप्प. इअरफोनची पिन आठ-दहा वेळा हलकेच आत-बाहेर करा. ठरावीक वेळाने रेडिओ आपोआप बंद होत असेल तर स्लीप टायमर चालू राहिलेला असतो. आवाजाचं चाक फिरवताना करकरत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरे. खोबरेल तेल घालू नका, ते धूळ धरून ठेवतं.

एवढं करूनही गप्प असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण सोबत चिठ्ठी द्या: कोणता मीटर, किती वाजता, सेलवर की चार्जरवर, घरात की गॅलरीत, आणि एफएम व मीडियम वेव्ह लागतं का.