उसनी सतार नेताना

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात माळ्यावर सतार पडून आहे, असं गुरुजींच्या कानावर आलं आणि त्यांनी मला पिटाळलं. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. सतार त्यांच्या यजमानांची, मिरजेत घडवलेली. गवसणी काढली तर तारांवर गंज, निम्म्या तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा) तुटलेल्या. पण दांडी सरळ आणि भोपळ्याला तडा नाही. आजी म्हणाल्या, "विकायची नाही. रोज वाजवणार असशील तर ने."

तीन वर्षं ती माझ्याकडे होती. असं वाद्य तुमच्याकडे येणार असेल, तर माझ्या चुका आधीच ऐकून ठेवा.

पहिली गोष्ट कागदाची. कॅनडा कौन्सिल या तिथल्या कलासंस्थेची वाद्यपेढी १९८५ पासून तरुण वादकांना स्पर्धेतून निवडते आणि जुनी मोलाची व्हायोलिनं, चेलो तीन वर्षांसाठी वाजवायला देते. आपल्याकडे हे सगळं ओळखीवर चालतं, आणि ओळखीत लिहून मागायची लाज वाटते. मलाही वाटली. आजींच्या मुलाची उभी हयात बँकेत गेलेली, त्यानेच एक पान लिहिलं: मुदत किती, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, न विचारता काही बदलायचं नाही. सोबत प्रत्येक ओरखड्याचे फोटो. तेव्हा राग आला होता, खरं सांगतो.

मग जवारी, म्हणजे ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा घासून स्वर जुळवायचं काम. तारा घासून घोडीवर खाचा पडल्या की स्वर बसका येतो. महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट मिरजेला जाते. रात्रभर बर्थवर सतार आडवी आणि मी तिच्या पायाशी मुटकुळं करून. (निघताना तारा उतरवा, विसरू नका.) मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिराचं कसब पाहायचं तर त्याला घोडीवर कानस फिरवताना बघा. दोनदा घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. त्याने विचारलं, "खुली हवी की बंद?" मला खुली, म्हणजे जास्त झंकारणारी, आवडते. पण कागद आठवला आणि आजींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वाजवून दाखव." फोन घोडीजवळ धरून खरज (खालच्या स्वराची तार) छेडला. "अजून थोडी मिटव. यांची एवढी बोलत नव्हती." कारागिराने हसून पुन्हा कानस उचलली.

काढलेली जुनी घोडी सांबरशिंगाची निघाली. ती आम्ही डबीत घालून आजींना परत दिली. अशा शिंगाचा किंवा हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि असा भाग असलेलं वाद्य परदेशी न्यायचं तर परवानग्यांचं लचांड मागे लागतं. घेतानाच बघून घ्या.

आता माझा पराक्रम. मे महिना, पारा पंचेचाळिशीच्या वर. सतारीला ऊन लागू नये म्हणून मी ती कूलरच्या खोलीत ठेवली. दिवसा कूलर बंद, कोरडी भट्टी. रात्री ओलसर वारा. लाकूड रात्री फुगायचं, दिवसा आकसायचं. एका पहाटे टक् असा आवाज आला. तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) आणि भोपळ्याच्या सांध्यात केसाएवढी फट. दोन दिवस मी कोणाला सांगितलंच नाही, आणि तीच खरी चूक. वेळीच सांगितलं असतं तर नुसत्या सरसाने भागलं असतं. मी तसाच रियाज केला आणि फट बोटभर लांबली. आजी एवढंच म्हणाल्या, "काहून लपवून राहिला होता रे?"

उन्हाळ्यात वाद्य घरातल्या मधल्या खोलीत, गवसणीत, वाऱ्याच्या झोतापासून लांब ठेवा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतील. तेव्हा जोर लावू नका.

सतार आता भंडाऱ्याच्या एका मुलीकडे आहे. तिच्याकडूनही तसाच कागद लिहून घेतला. त्यात एक ओळ वाढली आहे: कूलरच्या खोलीत ठेवू नये.