‘कन्टिन्जंट’ हा शब्द अंगवळणी कसा पाडावा

ऑफर लेटर आलं की डोळे आधी पगाराच्या आकड्याकडे धावतात. माझ्या भाच्याचेही तिकडेच धावले. ऐरोलीतल्या एका कंपनीचं पत्र होतं. कळव्याच्या घरी संध्याकाळी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, ‘धिस ऑफर इज कन्टिन्जंट अपॉन सॅटिस्फॅक्टरी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन.’ त्याची पहिली नोकरी ज्या छोट्या फर्ममध्ये होती ती केव्हाच बंद पडलेली. पडताळणी तिथे अडकली आणि पोरगा पाच आठवडे बिनपगारी घरी बसला. नोकरी पुढे मिळाली, पण तो शब्द मला आजही सलतो. म्हणून तो नीट कसा शिकायचा ते सांगते.

शब्द नव्हे, वाक्य उतरवून घ्या

वहीत ‘कन्टिन्जंट’ एवढंच लिहू नका. तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहा. उच्चारताना जोर ‘टिन्’वर द्या.

कोशातल्या पहिल्या अर्थावर थांबू नका

भाच्याने शब्द पाहिला नव्हता असं नाही. मोबाइलमध्ये त्याला ‘आकस्मिक’ असा अर्थ मिळाला. आकस्मिक ऑफर म्हणजे काय ते कळेना, म्हणून तो पुढे सरकला. तो अर्थ चुकीचा नाही. राज्यघटनेच्या कलम 267 मधल्या कन्टिन्जन्सी फंडाला आपण आकस्मिकता निधीच म्हणतो. अचानक खर्च उद्भवला तर हाताशी असलेला पैसा. पण शब्दापुढे ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ आलं की अर्थ बदलतो: घडेल की नाही याची खात्री नसलेल्या एखाद्या गोष्टीवर अवलंबून असलेला. तेव्हा त्या वाक्याचा सरळ मराठी अर्थ असा, की पडताळणी समाधानकारक झाली तरच ही ऑफर, नाहीतर नाही.

मुळापर्यंत जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला मात्र सगळ्यात जास्त हीच उपयोगी पडली. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभं आहे. तिथे एका रविवारी भाच्याला घेऊन बसले आणि व्युत्पत्ती देणारा जाड कोश उघडला. शब्द लॅटिन. ‘कॉन’ म्हणजे सोबत आणि ‘टँगेरे’ म्हणजे स्पर्श करणे. दहावीच्या भूमितीतली स्पर्शिका, म्हणजे टँजंट, याच घरातली. कॉन्टॅक्ट आणि कन्टेजिअस हीसुद्धा तिची भावंडं. एक गोष्ट दुसरीला येऊन भिडते, यावरून ‘घडणे’ हा अर्थ आला. आपल्याकडेही असंच झालंय. ‘प्रसंग’ या शब्दात ‘संग’ आहे, त्याचं मूळ चिकटण्यात आहे, आणि आपण मात्र प्रसंग म्हणतो घडलेल्या गोष्टीला. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, “मावशी, मग हा शब्द परका कुठे आहे?”

मूळ कळलं की त्याच शब्दाच्या नामाचं कोडंही सुटतं. 26 जानेवारीच्या संचलनातल्या तुकडीला कन्टिन्जंट म्हणतात. जे घडतं ते आपल्या ‘वाट्याला येतं’, त्यातून ‘वाटा’ हा अर्थ निघाला आणि पुढे प्रत्येकाने आपल्या वाट्याचं म्हणून द्यायचं सैन्य. 1857 मध्ये तात्या टोपे यांच्यासोबत कानपूरला लढलेलं ग्वाल्हेर कन्टिन्जंट हे शिंदे संस्थानच्या खर्चाने ठेवलेलं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं असंच दल होतं. ते उलटलं आणि तात्यांना मिळालं.

‘जर-तर’ लावून पाहा

वाक्य ‘जर… तर…’ असं मोडा आणि स्वतःला विचारा, यातला ‘जर’ बेभरवशाचा आहे का? बाळ आईवर अवलंबून असतं, तिथे ‘डिपेंडंट’. तिथे कसली घटना नाही. पण फ्लॅटचा ताबा ओसी, म्हणजे इमारतीचा भोगवटा दाखला, मिळण्यावर अवलंबून असेल तर ‘कन्टिन्जंट’ चपखल बसतो, कारण ओसी कधी मिळेल, मिळेल की नाही, हे घोडबंदर रोडला घर घेणाऱ्या कुणालाही विचारा.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना कायद्यात सापडतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 31 कन्टिन्जंट कॉन्ट्रॅक्टची व्याख्या करतं आणि उदाहरण देतं: ‘ब’चं घर जळालं तर ‘अ’ त्याला 10,000 रुपये देईल. घर जळेलच असं नाही. जळालं तरच पैसे. हे एक उदाहरण पाठ केलंत तरी निम्मं काम झालं.

जोडीदार शब्द सोबत शिका

‘कन्टिन्जंट टू’ असं लिहू नका. ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’च. ‘अपॉन’ जरा जास्त औपचारिक, करारपत्रात शोभणारं. ‘कन्टिन्जंट’ नामाच्या आधी येतो तेव्हा त्याची घरं ठरलेली आहेत. कंपनीच्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये कन्टिन्जंट लायबिलिटी दिसते. कोर्टातला दावा हरलो तर द्यावी लागेल, अशी ती देणी.

कुठे वापरू नये

मैत्रिणीला व्हॉट्सॅपवर, पाऊस थांबला तर येते, हे सांगायला हा शब्द नको. तिथे ‘डिपेंड्स ऑन’ पुरे. शब्द नवा शिकला की तो सगळीकडे घालावासा वाटतो, मलाही वाटला होता. कामाच्या ईमेलसाठी, अर्जासाठी, करारासाठी राखून ठेवा.

सराव

भाचा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने कामाला जातो. त्याला मी एक नेम लावून दिला. दिघा गाव, ऐरोली, प्रत्येक स्टेशनला मनात एक वाक्य, स्वतःच्या आयुष्यातलं. बढती कशावर, घरभाड्याची सवलत कशावर, गावी जाण्याची रजा कशावर. पुस्तकातली वाक्यं चालणार नाहीत, ती चार दिवसांत पुसली जातात. आठवड्याने त्यातली दोन मोठ्याने म्हणून दाखवायची आणि ‘ऑन’ गाळलं तर पुन्हा.

यंदा त्याने परत नोकरी बदलली. पत्र आल्यावर पेढ्यांच्या आधी त्याने तिसरा परिच्छेद वाचला आणि एचआरला लिहिलं, की पडताळणी पूर्ण झाल्याचं लेखी कळवा, त्यानंतरच मी राजीनामा देईन. खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: ‘माय जॉइनिंग डेट इज कन्टिन्जंट ऑन धिस कन्फर्मेशन.’ ‘ऑन’ जागच्या जागी होतं.